सेबी : नियम, तपास आणि निवाडा

भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ, म्हणजेच ‘सेबी’, ही देशाच्या रोखे बाजारावर देखरेख ठेवणारी वैधानिक संस्था आहे. तिचे मुख्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. बँका रिझर्व्ह बँकेच्या, विमा कंपन्या विमा नियामकाच्या आणि राष्ट्रीय पेन्शन योजना पेन्शन नियामकाच्या अखत्यारीत येते. शेअर, कर्जरोखे, म्युच्युअल फंड आणि 2015 पासून कृषिमाल व धातूंचे वायदे हे सेबीचे क्षेत्र आहे. गुंतवणूकदारांचे हितरक्षण, बाजाराचा विकास आणि बाजाराचे नियमन ही तीन कामे कायद्याने तिच्याकडे सोपवली आहेत.

मुंबईत शेअर दलालांची संघटना 1875 पासून आहे; नियामक मात्र शंभरहून अधिक वर्षांनी आला. 1947 च्या कायद्यानुसार कंपनीला भांडवल उभारण्यासाठी केंद्र सरकारच्या नियंत्रकाची परवानगी लागे आणि शेअर कोणत्या भावाने विकायचा यावरही त्याचाच अंकुश असे. शेअर बाजारांच्या मान्यतेसाठी 1956 मध्ये वेगळा कायदा झाला. सामान्य गुंतवणूकदाराची बाजू पाहणारी यंत्रणा यांपैकी कशातच नव्हती. सरकारने 12 एप्रिल 1988 रोजी ठरावाद्वारे सेबीची स्थापना केली, पण तिला कायद्याचे बळ मिळाले ते 30 जानेवारी 1992 रोजी. त्याच वर्षी भांडवल नियंत्रकाचे कार्यालय बंद झाले आणि एप्रिलमध्ये शेअर दलाल हर्षद मेहता याचे प्रकरण उघडकीस आले. बँकांचा पैसा रोखे व्यवहारांच्या आडून शेअर बाजारात कसा वळवला गेला, हे देशाने पाहिले. नव्या नियामकाची गरज त्यानंतर कोणाला पटवून द्यावी लागली नाही.

सेबीच्या मंडळावर अध्यक्षांसह नऊ सदस्य असतात. त्यांत केंद्र सरकारचे दोन आणि रिझर्व्ह बँकेचा एक प्रतिनिधी असतो. इतर शासकीय संस्थांत सहसा वेगळे ठेवलेले तीन अधिकार इथे एकत्र आहेत. सेबी नियम बनवते, ते मोडले गेल्यास तपास करते आणि दोषींवर आदेशही काढते. एवढ्या अधिकाराला अंकुश हवा, म्हणून तिच्या आदेशाविरुद्ध मुंबईतील रोखे अपील न्यायाधिकरणाकडे आणि तिथून कायद्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते.

नियमनाची सुरुवात कंपनी बाजारात येण्याआधीच होते. शेअर विकू पाहणारी कंपनी मसुदा माहितीपत्रक सेबीकडे दाखल करते. व्यवसाय, ताळेबंद, प्रवर्तकांवरील खटले, जोखीम आणि पैशाचा विनियोग या साऱ्याचा तपशील त्यात द्यावा लागतो. भाव मात्र आता सरकार ठरवत नाही. सत्य आणि पुरेशी माहिती लोकांसमोर यावी, एवढे सेबी पाहते. सूचिबद्ध झाल्यावरही तिमाही निकाल आणि महत्त्वाच्या घडामोडी जाहीर करणे बंधनकारक असते. कोणी सूचिबद्ध कंपनीतील 25 टक्के मताधिकार मिळवला, तर त्याला उरलेल्या भागधारकांपुढे खरेदीचा खुला प्रस्ताव ठेवावा लागतो.

दुसरी बाजू सौद्यांच्या सुरक्षिततेची. कागदी प्रमाणपत्रांच्या काळात बनावट शेअर, ते टपालात गहाळ होणे आणि सह्या न जुळणे हे नित्याचे होते. 1996 च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणारे डिमॅट खाते आले आणि हा त्रास संपत गेला. शेअर दलाल केतन पारेख याच्या 2001 मधील घोटाळ्यानंतर सौद्याची पूर्तता पुढे ढकलण्याची ‘बदला’ पद्धत बंद झाली. सौदापूर्तीची मुदत 2003 मध्ये दोन दिवसांवर आणि जानेवारी 2023 पर्यंत एका दिवसावर आली. निर्देशांक 10, 15 वा 20 टक्क्यांनी हलला, तर व्यवहार आपोआप थांबतात. मार्च 2020 च्या पडझडीत ही तरतूद वापरावी लागली.

मध्यस्थांवरील नियंत्रणाचे महत्त्व कार्वी प्रकरणात दिसले. या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी तारण ठेवल्याचे आढळल्यावर सेबीने नोव्हेंबर 2019 मध्ये त्याला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. पुढच्या वर्षी तारणाची पद्धत बदलली : शेअर ग्राहकाच्याच खात्यात राहतात आणि त्याने स्वतः संमती दिल्याशिवाय तारण नोंदवता येत नाही. पैसा उभारणाऱ्या कंपन्यांवरही हा अंकुश चालतो. सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी लोकांकडून घेतलेले 24,000 कोटींहून अधिक रुपये परत करण्याचा आदेश सेबीने 2011 मध्ये दिला. हे खासगी वाटप असल्याचा कंपन्यांचा दावा ऑगस्ट 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. तेव्हाच्या कंपनी कायद्यानुसार पन्नास किंवा अधिक लोकांना दिलेला प्रस्ताव सार्वजनिकच ठरत असे, हे त्यातून पक्के झाले.

गोपनीय माहितीच्या आधारे सौदे करणाऱ्याला किमान 10 लाख रुपये दंड होतो. त्याची कमाल मर्यादा 25 कोटी किंवा कमावलेल्या नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती. फौजदारी खटल्यात दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तक्रारदारासाठी 2011 पासून ‘स्कोअर्स’ ही ऑनलाइन व्यवस्था आहे. संबंधित कंपनीने वा ब्रोकरने 21 दिवसांत तक्रारीवर कार्यवाही करायची असते. त्याने समाधान झाले नाही, तर 2023 मध्ये सुरू झालेल्या ऑनलाइन तंटा निवारण व्यवस्थेत आधी सामोपचार आणि मग लवाद, असा मार्ग खुला राहतो.

फसवणुकीपासून संरक्षण देता येते, तोट्यापासून नाही. सेबीच्याच 2024 च्या अभ्यासानुसार फ्युचर्स आणि ऑप्शन्स या वायदे प्रकारांत व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक सौदेकऱ्यांपैकी 93 टक्के लोकांना तीन आर्थिक वर्षांत तोटा झाला आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्यानंतर सौद्याचे किमान मूल्य वाढवून 15 लाख रुपये करण्यात आले आणि साप्ताहिक करारांवर मर्यादा आल्या. पण भाव चढेल की पडेल, याची हमी कोणताही नियामक देत नाही. म्हणून पैसे देण्याआधी ब्रोकर वा सल्लागार सेबीकडे नोंदणीकृत आहे का, हे तिच्या संकेतस्थळावर पाहावे, माहितीपत्रकातील जोखमीचा भाग वाचावा आणि फसवणूक झाल्यास विलंब न लावता तक्रार नोंदवावी.