घमेल्यातले बुडबुडे

जालन्यात, मस्तगडाजवळ, सायकलची ट्यूब घेऊन मी पंक्चरवाल्यासमोर कितीदा उकिडवा बसलोय. तो ट्यूब फुगवायचा, घमेल्यातल्या पाण्यात बोटाबोटाने दाबत फिरवायचा. बुडबुडे दिसले की तिथे खूण करायचा. समुद्राशी आमच्या गावाचा काही संबंध नाही. प्यायचं पाणीसुद्धा जायकवाडीहून येतं. पण मालवणच्या किनाऱ्यावर स्कूबाचं जॅकेट टाकीत दाबून बुडबुडे शोधणारा पोरगा पाहिला, तेव्हा मला तो पंक्चरवालाच आठवला.

या जॅकेटला डायव्हर बीसीडी म्हणतात. मुळात ती अंगात घालायची हवेची पिशवी. डाव्या खांद्यावरून एक वळ्यावळ्यांची नळी पुढे येते, तिच्या टोकाला दोन बटणं. एक दाबलं की सिलिंडरमधली हवा पिशवीत जाते. दुसरं दाबून, नळी वर धरली की हवा बाहेर पडते. दोरी ओढून हवा सोडायचे आणखी वॉल्व असतात, आणि पिशवी जास्त फुगली की आपोआप उघडणारा एक. विहिरीत पोहायला शिकताना आम्ही पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधायचो. त्याचं काम तरंगवत ठेवणं एवढंच. जॅकेटचं काम नाजूक आहे: माणूस ना बुडावा, ना वर यावा, हव्या त्या खोलीवर स्थिर राहावा. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घ्यायचं ॲक्वालंग बनवलं, तेव्हाच्या डायव्हरांना हा तोल कमरेचं शिसं आणि छातीतला श्वास यांवरच सांभाळावा लागे. मोरिस फेंझीची गळ्यात घालायची पिशवी १९६१ मधली. अंगभर जॅकेट त्यानंतर आलं.

धोका कुठे आहे, ते बघा. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे पिशवीत चार लिटर हवा असेल तर वर येईपर्यंत ती आठ लिटर होते, आणि प्रत्येक लिटर साधारण एक किलो वजन उचलतो. हवा भरायचं बटण अडकलं तर माणूस वर सुटतो, वर येताना हवा फुगते, वेग आणखी वाढतो. श्वास कोंडलेला असेल तर फुफ्फुस फाटू शकतं. मालवणात पर्यटकांची डुबकी उथळच असते, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण हवेचं आकारमान सर्वांत झपाट्याने बदलतं ते याच शेवटच्या दहा मीटरांत.

बटण अडकतं ते बहुतेकदा मिठाने. समुद्राचं पाणी नळीतून थोडंफार आत जातंच. ते वाळलं की खडे उरतात, स्प्रिंगवर, रबराच्या वायसराखाली. म्हणून जॅकेट बाहेरून विसळून भागत नाही. नळीच्या तोंडातून पिशवीत तिसरा हिस्सा गोडं पाणी भरायचं, वर हवा फुंकायची, चहूकडून खळबळायचं. मग पाणी थोडं नळीतून, थोडं खालच्या वॉल्वमधून काढायचं. पुन्हा एकदा तेच. नंतर अर्धवट फुगवून सावलीत टांगायचं, म्हणजे आतल्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत. पाणी विकत घेऊन दिवस काढलेल्या गावचा मी. तरी सांगतो, या पाण्यात काटकसर करू नये.

तपासणीही तितकीच साधी. जॅकेट टच्च फुगवायचं, जादा हवेचा वॉल्व स्वतःहून फुसफुसला पाहिजे. रात्रभर ठेवून सकाळी मऊ लागलं तर हवा उतरतेय, मग टाकीत दाबून जागा शोधायची. प्रत्येक दोरी ओढून पाहायची. भरायचं बटण सोडल्याक्षणी हवा थांबली पाहिजे. न थांबल्यास सिलिंडरकडून येणारी हवेची नळी एका हाताने खटकन सुटते का, हे पाण्यात उतरण्याआधी करून पाहायचं. सिलिंडरचा पट्टा ओला करूनच आवळायचा, कारण नायलॉन भिजलं की सैल पडतं. बटणाच्या आतली दुरुस्ती मात्र शिकलेल्या माणसाकडेच द्यावी.

मला खटकतं ते वेगळंच. सिलिंडरवर चाचणीची तारीख ठोकलेली असते, जॅकेटवर तसलं काही नसतं. त्याचा भरवसा धुणाऱ्या हातांवर आणि दुकानातल्या एखाद्या वहीवर. एकदा एका ठिकाणी मला दिलेल्या जॅकेटचं बटण दाबल्यावर चटकन परत येईना. मी दुसरं मागितलं. बोटीवरचे सगळे खोळंबले, पण मी तसाच उतरलो नाही. रीतसर शिकायचं तर तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराचं जॅकेट तपासणं हा डायव्हिंगच्या शिक्षणातला अगदी पहिल्या धड्यांपैकी एक. तासाभरासाठी आलेल्या पर्यटकाला तो धडा मिळत नाही, म्हणून त्याने निदान विचारावं: हे शेवटचं कधी तपासलंत?

त्या दिवशी टाकीतल्या पोराला खांद्याच्या शिवणीपाशी बुडबुड्यांची बारीक माळ दिसली. त्याने जॅकेट वर काढलं, तिथे खडूने गोल केला आणि ते इतरांच्या रांगेत न लावता आत नेऊन ठेवलं.