समुद्र सामाईक, राखणही सामाईक : शेजारी देशांचे सागरी सहकार्य आणि मच्छीमार कुटुंबांना मिळणारे लाभ

मासेमारी बंदीचा काळ आला की नौका किनाऱ्यावर ओढून ठेवावी लागते. जाळी धुऊन, रफू करून घडी घालून ठेवली जातात. घरखर्च मात्र थांबत नाही. अशा वेळी मच्छीमार बांधव-भगिनींच्या मनात एक रास्त प्रश्न येतो : "आम्ही थांबलो, पण पलीकडचे थांबले का?" या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. आपला समुद्र राखण्यासाठी भारत शेजारी देशांसोबत काय करतो, त्याचा आपल्या घराशी काय संबंध आहे आणि या काळात कोणत्या योजनांचा लाभ घेता येतो, हे आपण क्रमाने पाहू.

समुद्राला बांध नसतो

गावातली सामाईक विहीर आठवून पाहा. सातबाऱ्यावर चार जणांचा हिस्सा असतो, पण पाणी एकच असते. एकाने जास्त उपसा केला तर चौघांचे पाणी खाली जाते आणि एकाने घाण केली तर ते चौघांनाही पिता येत नाही. समुद्राचेही तसेच आहे.

कायद्याने समुद्रात हद्दी ठरलेल्या आहेत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियमन राज्य सरकार करते. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारी केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते. श्रीलंका किंवा बांगलादेशासारखा देश जवळ असेल तेथे दोन्ही देशांनी ठरवलेली सीमारेषा लागू होते.

मासे, कासवे, तेल आणि प्लास्टिक यांना ही रेषा कळत नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खुणेची पट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी कासव जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. गुहागरहून २०२३ मध्ये उपग्रह यंत्र लावून सोडलेली 'बागेश्री' ही कासवीण श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. म्हणजे कोकणात राखलेले घरटे वाया जाऊ नये म्हणून श्रीलंकेच्या समुद्रातही ते कासव सुरक्षित असावे लागते.

देश एकत्र कसे काम करतात?

दक्षिण आशियातील देशांनी पर्यावरणाच्या कामासाठी १९८२ मध्ये एक संस्था स्थापन केली. दक्षिण आशिया सहकार पर्यावरण कार्यक्रम असे तिचे नाव असून मुख्यालय श्रीलंकेत कोलंबो येथे आहे. भारत, बांगलादेश, मालदीव, पाकिस्तान आणि श्रीलंका या समुद्रकिनारा असलेल्या पाच देशांनी मार्च १९९५ मध्ये नवी दिल्ली येथे दक्षिण आशियाई समुद्रांसाठी कृती आराखडा स्वीकारला. किनारपट्टीचे व्यवस्थापन, तेलगळतीच्या वेळी परस्परांना मदत, जमिनीवरून समुद्रात जाणारे प्रदूषण रोखणे आणि त्यासाठी माणसे तयार करणे ही त्यातील मुख्य कामे आहेत.

दुसरी संस्था मासेमारीशी थेट संबंधित आहे. बंगालचा उपसागर कार्यक्रम ही ती आंतरसरकारी संस्था. ती २००३ मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय चेन्नईत आहे. बांगलादेश, भारत, मालदीव आणि श्रीलंका हे तिचे सदस्य आहेत. लहान मच्छीमारांची समुद्रातील सुरक्षितता आणि मत्स्यसाठ्याची काळजी हे तिचे काम आहे.

अशा संस्था कोणत्याही देशावर सक्ती करू शकत नाहीत. त्या माहिती गोळा करतात, सर्वांना एका टेबलाभोवती बसवतात आणि सामाईक नियम सुचवतात. नियम लागू करण्याचे काम प्रत्येक देशाचे सरकार करते. त्यामुळे अशा कामाला वेळ लागतो. तरीही त्याचा उपयोग कसा होतो, हे पुढील दोन उदाहरणांवरून लक्षात येईल.

उदाहरण १ : बंदीच्या तारखा जुळल्या

भारताच्या पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे प्रत्येकी ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. अनेक जातींच्या माशांचा हा अंडी घालण्याचा आणि पिल्ले वाढण्याचा काळ आहे. पश्चिम किनाऱ्यावर तर तो खवळलेल्या समुद्राचाही काळ आहे. यंत्र नसलेल्या पारंपरिक होड्यांना या बंदीतून सूट असते.

बांगलादेशात पूर्वी २० मे ते २३ जुलै अशी ६५ दिवसांची बंदी होती. दोन्ही देशांच्या नौका एकाच वेळी बंद असण्याचे दिवस जेमतेम २६ होते. १५ जूनला भारतीय नौका समुद्रात उतरत, तेव्हा बांगलादेशी मच्छीमारांना आणखी ३९ दिवस किनाऱ्यावर बसावे लागे. आपण थांबतो आणि शेजारी मासे नेतो, अशी तेथील मच्छीमारांची तक्रार होती. म्हणजे "पलीकडचे थांबले का?" हाच प्रश्न तिकडच्या किनाऱ्यावरही विचारला जात होता.

बांगलादेश सरकारने २०२५ मध्ये तारखा बदलल्या. आता तेथे १५ एप्रिल ते ११ जून अशी ५८ दिवसांची बंदी आहे. हे सर्व ५८ दिवस भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदीत येतात. त्यामुळे बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात दोन्ही बाजूंच्या यांत्रिक नौका एकाच वेळी थांबतात आणि माशांना पुरती उसंत मिळते.

उदाहरण २ : आग विझली, किनारा वाचला

सप्टेंबर २०२० मध्ये 'न्यू डायमंड' हे तेलवाहू जहाज कुवेतहून ओडिशातील पारादीप बंदराकडे येत होते. त्यात सुमारे २ लाख ७० हजार टन कच्चे तेल होते. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ त्याला आग लागली आणि एका खलाशाचा मृत्यू झाला. श्रीलंकेने मदत मागताच भारतीय तटरक्षक दल आणि नौदलाची जहाजे तेथे पोहोचली. दोन्ही देशांनी मिळून आग विझवली. जहाजाच्या इंधनाचा काही तवंग पसरला, पण टाक्यांतील कच्चे तेल समुद्रात सांडले नाही.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' या मालवाहू जहाजाला आग लागली. भारतीय तटरक्षक दल याही वेळी मदतीला गेले, पण जहाज वाचले नाही. त्यातील प्लास्टिकचे कोट्यवधी बारीक दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पसरले आणि तेथील मच्छीमारांना मासेमारी थांबवावी लागली. मे २०२५ मध्ये केरळजवळ 'एमएससी एल्सा ३' हे जहाज बुडाले, तेव्हा तसेच दाणे केरळ आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर आले. मुंबईच्या मच्छीमारांना ऑगस्ट २०१० ची आठवण असेल. तेव्हा 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांच्या टकरीनंतर तेल सांडले, आणि त्याचा फटका मासेविक्रीलाही बसला होता.

अशा प्रसंगी पहिले काही तास महत्त्वाचे असतात. मदत कोणी मागायची, कोणाकडे मागायची, जहाज कोण पाठवणार हे आधी ठरलेले असेल तर ते तास वाया जात नाहीत. तेल आणि रासायनिक प्रदूषणाबाबत अशी व्यवस्था करण्यासाठी भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये वर उल्लेख केलेल्या कोलंबो येथील संस्थेसोबतच्या सामंजस्य कराराला मान्यता दिली. भारतात तेलगळतीच्या वेळी समन्वयाचे काम तटरक्षक दलाकडे आहे.

बंदी काळात आपल्याला काय मिळू शकते?

समुद्र राखण्याचा फायदा सर्वांना होतो, पण त्यासाठी रोजगार मात्र मच्छीमार सोडतो. हे लक्षात घेऊन प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत (२०२०-२१ पासून) आणि किसान क्रेडिट कार्ड सुविधेत पुढील तरतुदी आहेत.

*१. उपजीविका व पोषण साहाय्य.* सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास, प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्या पारंपरिक मच्छीमार कुटुंबांसाठी. शासनाचे ₹३,००० आणि लाभार्थ्याचे स्वतःचे ₹१,५०० असे एकूण ₹४,५०० जमा होतात आणि बंदीच्या किंवा मंदीच्या ३ महिन्यांत वाटले जातात. म्हणजे दरमहा ₹१,५००. यातील एक तृतीयांश रक्कम आपलीच बचत असते. दोन महिन्यांचा घरखर्च यातून भागत नाही. हे साहाय्य आहे, बुडालेल्या मजुरीची पूर्ण भरपाई नाही. म्हणून पुढील लाभही पाहावेत.

*२. सामूहिक अपघात विमा.* १८ ते ७० वर्षे वयाच्या मच्छीमारांसाठी. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ₹५ लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास ₹२.५ लाख आणि अपघातानंतर रुग्णालयातील उपचारासाठी ₹२५,००० पर्यंत. हप्ता पूर्णपणे शासन भरते.

*३. किसान क्रेडिट कार्ड.* २०१८-१९ पासून ही सुविधा मच्छीमारांनाही मिळते. डिझेल, बर्फ, जाळी, मजुरी अशा खेळत्या भांडवलासाठी कर्ज मिळते. ₹२ लाखांपर्यंतचे कर्ज वेळेत फेडल्यास व्याजसवलत धरून प्रत्यक्ष व्याज वर्षाला ४ टक्के पडते. बंदीपूर्वी कार्ड हाती असेल तर नौका दुरुस्तीसाठी सावकाराच्या दारात जावे लागत नाही.

*४. कासव सुटका साधन.* ट्रॉल जाळ्यात बसवायच्या या साधनामुळे कासव बाहेर पडते आणि कोळंबी जाळ्यात राहते. त्याचा खर्च केंद्र व राज्य सरकार मिळून उचलतात. याचा संबंध बाजाराशीही आहे : कासवांच्या संरक्षणाच्या कारणावरून अमेरिकेने २०१९ मध्ये भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली.

अर्ज कोठे व कसा करावा?

प्रथम आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेत जाऊन सभासद म्हणून आपले नाव आहे का ते पाहावे. त्यानंतर राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावर नोंदणी करावी. ऑनलाइन जमत नसेल तर सामाईक सेवा केंद्रातून करून घेता येते. महाराष्ट्रात सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांचे कार्यालय, गोव्यात मत्स्योद्योग संचालनालय आणि इतर राज्यांत जिल्हा मत्स्य कार्यालय येथे चौकशी करावी.

सोबत ठेवावयाची कागदपत्रे :
- आधार कार्ड आणि मच्छीमार ओळखपत्र
- आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक
- संस्थेच्या सभासदत्वाचा दाखला
- शिधापत्रिका
- नौका असल्यास नोंदणी प्रमाणपत्र व मासेमारी परवाना

बंदी सुरू झाल्यावर धावपळ करू नये. साहाय्यासाठी लाभार्थ्याचा हिस्सा आधी भरावा लागतो. चालू वर्षाचे निकष, रक्कम आणि मुदत कार्यालयात विचारून मगच अर्ज भरावा.

समुद्रात तेलाचा तवंग दिसल्यास

१. तवंगातून नौका नेऊ नये व जाळे टाकू नये. तेथे स्टोव्ह किंवा विडी पेटवू नये.
२. तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर कळवावे. ठिकाण, वेळ आणि तवंग कोणत्या दिशेने सरकत आहे ते सांगावे.
३. खराब झालेल्या जाळ्यांची व नौकेची छायाचित्रे काढावीत.
४. संस्थेकडील मासेविक्रीच्या पावत्या, डिझेलच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयात लेखी कळवावे.

चौथी सूचना विशेष महत्त्वाची आहे. तेलवाहू जहाजातून तेल सांडल्यास मिळणाऱ्या भरपाईच्या आंतरराष्ट्रीय करारांत भारत सहभागी आहे आणि मच्छीमारांचे बुडालेले उत्पन्नही त्यांत मागता येते. पण आधीच्या वर्षी याच महिन्यात किती मासळी विकली, हे दाखवणारा कागद नसेल तर मागणी कमकुवत ठरते. शंभर रुपयांची पावतीही फेकू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मी खलाशी आहे. नौका दुसऱ्याच्या नावावर आहे. मला लाभ मिळेल का?*
विम्यासाठी आणि बंदी काळातील साहाय्यासाठी नौका स्वतःची असणे आवश्यक नाही. आपण प्रत्यक्ष मासेमारी करता याची नोंद हवी. म्हणून ओळखपत्र व सभासदत्व स्वतःच्या नावाने घ्यावे.

*बंदीच्या तारखा सर्व राज्यांत सारख्याच असतात का?*
नाही. १२ सागरी मैलांच्या आत राज्य सरकार वेगळ्या तारखा ठरवू शकते. दर वर्षी आपल्या राज्याची अधिसूचना पाहावी.

*बंदी मोडल्यास काय होते?*
राज्याच्या सागरी मासेमारी कायद्यानुसार दंड होतो आणि नौका व मासळी जप्त होऊ शकते. शासकीय सवलतींवरही परिणाम होऊ शकतो.

*शेजारी देशाने नियम पाळला नाही तर आमच्या थांबण्याचा उपयोग काय?*
अनेक जातींचे मासे किनाऱ्याजवळ, खाडीच्या तोंडाशी वाढतात. त्यामुळे आपण थांबल्याचा पहिला फायदा आपल्याच किनाऱ्याला होतो. शेजारीही थांबला तर तो वाढतो. बांगलादेशाने तारखा जुळवल्या, कारण तेथील मच्छीमारांनी ही मागणी लावून धरली होती. आपल्या भागातील अडचण संस्थेच्या सभेत मांडावी, ठराव करून घ्यावा आणि तो मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे पाठवावा.