माणिकगडच्या पठारावरील दोन ऋतू आणि फिल्मचा रोल

फिल्मवरील छायाचित्रणात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण जिलेटिनच्या थरात धरून ठेवणाऱ्या पारदर्शक पट्टीवर क्षणभर प्रकाश पाडला जातो आणि त्या प्रकाशाने उमटलेली, परंतु डोळ्यांना न दिसणारी प्रतिमा पुढे रसायनांच्या साहाय्याने दृश्य केली जाते. या दोन क्रियांमध्ये जेवढा काळ जातो तेवढा काळ ही प्रतिमा, जिला सुप्त प्रतिमा म्हणतात, उष्णतेच्या आणि ओलाव्याच्या स्वाधीन असते. घराजवळ चित्रे काढणाऱ्याच्या बाबतीत हा काळ थोडा असतो. रस्त्याने लांबचा प्रवास करणाऱ्याच्या बाबतीत मात्र तो दिवसांमध्ये मोजावा लागतो, आणि म्हणूनच अशा प्रवासातील छायाचित्रण हे नजरेइतकेच साठवणुकीचे आणि हवामानाच्या जाणिवेचेही काम ठरते. या कामाचे कठीण धडे समुद्रकिनारा आणि वाळवंट या दोन प्रदेशांत मिळतात, असे सामान्यतः मानले जाते. चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, माणिकगडच्या डोंगररांगेवर वसलेल्या जिवती तालुक्यात यांपैकी काहीही नाही. तरीही एप्रिल-मे महिन्यांत या पठारावर वाळवंटाचे आणि जुलैपासून सप्टेंबरपर्यंत किनाऱ्याचे नियम लागू होतात, आणि एकाच घाटरस्त्यावर दोन्ही शिकावे लागतात.

बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडून राजुऱ्यात आणि तेथून गडचांदूरला येणारा रस्ता चुनखडीच्या पट्ट्यातून जातो. या चुनखडीवरच परिसरातील सिमेंट कारखाने उभे आहेत, आणि अवजड मालमोटारींच्या वर्दळीमुळे उन्हाळ्यात रस्त्याकडेची झाडे, टपऱ्या आणि कुंपणे यांवर फिकट धुळीचा थर बसलेला असतो. कॅमेऱ्यातील लाईट मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारे साधन, समोरून परतणारा प्रकाश मोजते आणि समोरची वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे गृहीत धरते. त्यामुळे ही धुळकट पांढरी भूमी त्याला प्रत्यक्षाहून अधिक उजळ वाटते, ते प्रकाश कमी करण्याचा सल्ला देते, आणि तो सल्ला मानणाऱ्याच्या निगेटिव्हवर रखरखीत दुपार ढगाळ संध्याकाळसारखी मळकट उतरते. वाळूच्या टेकड्यांवर किंवा समुद्राच्या पुळणीवर हाच घोटाळा होतो. घाट चढताना माणिकगड किल्ल्याच्या काळ्या दगडी भिंतींसमोर नेमके उलटे घडते, कारण काळ्या भिंतीला करडे करण्याच्या नादात मीटर गरजेपेक्षा जास्त प्रकाश मागते. त्यामुळे अनुभवी छायाचित्रकार मीटरपेक्षा सूर्यावर विसंबतो. निरभ्र उन्हात भिंगाचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, एफ-१६ वर ठेवून शटरचा वेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या अंकाएवढा, म्हणजे ४०० आयएसओच्या फिल्मसाठी सेकंदाचा सुमारे ५०० वा भाग, ठेवावा हा जुना नियम वस्तूच्या रंगाने फसत नाही, कारण त्यात वस्तूवर पडणाऱ्या प्रकाशाचा हिशेब असतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा कृष्णधवल फिल्म वापरणाऱ्यासमोर एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. निष्पर्ण फांद्यांवरची केशरी-लाल फुले डोळ्यांना पेटल्यासारखी दिसत असली, तरी सर्व दृश्य रंगांना जवळपास सारखाच प्रतिसाद देणाऱ्या फिल्मवर फुलांचा करडा आणि निळ्या आकाशाचा करडा एकमेकांत मिसळून जाऊ शकतात, आणि चित्रात फक्त काळ्या फांद्यांचे जाळे उरते. भिंगापुढे नारिंगी काच, म्हणजे फिल्टर, लावल्यास ती केशरी प्रकाश जाऊ देते आणि निळा अडवते. आकाश गडद होते आणि फुले त्यावर उजळ उठून दिसतात. या बदल्यात सुमारे चौपट प्रकाश द्यावा लागतो, म्हणजे एफ-१६ ऐवजी एफ-८ वर यावे लागते. मात्र मे महिन्यात, आकाशच धुळीने पांढरे झालेले असताना, या काचेचा विशेष उपयोग होत नाही, कारण अडवण्यासारखे निळे आकाशात उरलेलेच नसते.

चंद्रपूर जिल्ह्यातील उन्हाळ्यात पारा ४६ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, आणि बंद मोटारीतील तापमान बाहेरच्यापेक्षाही बरेच चढते. अशा उष्णतेत फिल्मवर प्रकाश न पडलेल्या जागाही हळूहळू काळवंडू लागतात, ज्याला फॉग म्हणतात. रंगीत फिल्ममध्ये तर एकावर एक असलेले रंगांचे थर कमीअधिक प्रमाणात बिघडतात आणि पुढे न निघणारी रंगछटा संपूर्ण रोलवर चढते, म्हणून या पठारावरील उन्हाळ्यासाठी कृष्णधवल फिल्मच अधिक भरवशाची ठरते. रोल घट्ट झाकणाच्या डबीत, डबी प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी ओल्या गोणपाटात गुंडाळून गाडीच्या सावलीच्या बाजूला ठेवल्यास कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन होऊन आतली उष्णता कमी राहते. बर्फाची पेटीही चालते. परंतु थंड रोल लगेच उघडला तर त्यावर दव जमते, म्हणून तो बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत डबीतच राहू द्यावा लागतो. धुळीचा उपद्रव याहून फसवा आहे. रोलच्या डबीचे तोंड मखमलीच्या पट्टीने बंद केलेले असते आणि त्या मखमलीत अडकलेला एखादा कण, फिल्म पुढे सरकत असताना, पहिल्या चित्रापासून छत्तिसाव्या चित्रापर्यंत एकच सरळ ओरखडा काढत जातो. रोल बदलण्यासाठी सावलीत, गाडीच्या काचा चढवून आणि हात पुसून बसण्याची शिस्त यामुळेच आवश्यक होते. रोल वाया जाणे न परवडण्याला आणखी एक कारण आहे. ऊटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना ‘इंदू’ या नावाने कृष्णधवल फिल्म बनवीत असे; तो बंद पडल्यानंतर रोल परदेशातून येतात व महाग पडतात, आणि त्यामुळे प्रत्येक चित्राचा विचार आधी करणे भाग पडते.

या साऱ्या कामाची खरी परीक्षा रोल धुताना होते. इल्फर्ड कंपनीच्या एचपी-५ प्लस या ४०० आयएसओच्या फिल्मला त्याच कंपनीच्या आयडी-११ या डेव्हलपरच्या, म्हणजे प्रतिमा दृश्य करणाऱ्या रसायनाच्या, मूळ तीव्रतेच्या द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटे लागतात. तापमान वाढते तशी रासायनिक क्रिया वेगाने होते, म्हणून २४ अंशांना तीच वेळ पाच-साडेपाच मिनिटांवर येते, आणि मे महिन्यात गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या गरम पाण्यात ती इतकी आखूड होते की द्रावण टाकीत ओतून डबा हलवेपर्यंत फिल्मचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त विकसित झालेला असतो. येथे घरातला माठ उपयोगी पडतो. कोरड्या हवेत त्याच्या सच्छिद्र भिंतींतून पाणी झिरपून उडत राहते, आतले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा खूपच थंड राहते, आणि द्रावणाचे भांडे अशा पाण्याच्या परातीत ठेवल्यास काम आवाक्यातल्या तापमानात होऊ शकते. परंतु केवळ डेव्हलपर थंड करून भागत नाही. डेव्हलपर, त्याची क्रिया थांबवणारे सौम्य आम्ल, प्रतिमा पक्की करणारा हायपो आणि शेवटचे धुण्याचे पाणी हे सर्व एकाच तापमानाच्या जवळपास हवे. गरम आणि थंड यांच्या अचानक फरकाने फुगलेले जिलेटिन आकसते आणि प्रतिमेवर बारीक सुरकुत्यांचे जाळे पडते. चुनखडीच्या पट्ट्यातील पाणी जड असल्यामुळे आणखी एक काळजी घ्यावी लागते, कारण असे पाणी फिल्मवर वाळताना क्षारांचे पांढरे डाग ठेवून जाते. शेवटच्या धुण्याला गॅरेजच्या दुकानात मिळणारे बॅटरीचे पाणी वापरले की हे डाग टळतात.

पावसाळ्यात चित्र पालटते. माठ पाणी थंड करीत नाही, कारण दमट हवेत बाष्पीभवनच मंदावते. कोकण किनाऱ्याप्रमाणे भिंगांच्या आत बुरशीचे धागे पसरू लागतात, आणि सिलिका जेलच्या पुड्या पुनःपुन्हा तव्यावर तापवून कोरड्या कराव्या लागतात. खारी हवा नसल्याने कॅमेऱ्याच्या धातूला मात्र किनाऱ्यावरच्यापेक्षा कमी धोका असतो. उन्हाळ्यात पाने गाळून उघडा पडलेला साग आता मोठ्या पानांचे दाट छत धरतो, आणि त्याखाली उघड्या उन्हाच्या तुलनेत कित्येक पट कमी प्रकाश मिळतो. दाट ढगाखाली ४०० आयएसओच्या फिल्मला एफ-५.६ आणि ५०० वा भाग पुरत असेल, तर सागाखाली एफ-४ आणि १२५ वा भागही कमी पडू शकतो.

या पठारावर कोलाम आणि गोंड समाजांचे गुडे, म्हणजे वस्त्या, आहेत, तसेच मराठवाड्यातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची गावेही आहेत. ओसरीच्या सावलीत बसलेल्या सावळ्या माणसाचे चित्र उजळ अंगणासह घेताना मीटर अंगणाचा प्रकाश मोजते आणि चेहरा काळा पडतो. म्हणून जवळ जाऊन चेहऱ्यावरचाच प्रकाश मोजावा लागतो, आणि जवळ जायचे तर आधी बोलावे आणि परवानगी मागावी लागते. फिल्मवर काढलेले चित्र तेथल्या तेथे दाखवता येत नाही, हे समोरच्याला सांगणे आणि पुढे छापील प्रत पोचवणे ही या कामाची अट मानली पाहिजे, कारण या प्रदेशातील जुन्या छायाचित्रांचा इतिहास वेगळा आहे. १९४० मध्ये कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उठावानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला आदिलाबादमधील गोंडांच्या अभ्यासासाठी नेमले. मार्लावाई या गावी राहून त्यांनी केलेल्या कामातून १९४८ मध्ये राजगोंडांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्यांची छायाचित्रे येथून दूर, लंडनच्या सोआस या संस्थेच्या संग्रहात आहेत. त्या काळी राजुरा तालुका, म्हणजेच आजच्या जिवतीचा प्रदेशही, आदिलाबाद जिल्ह्यातच होता. तो १९५६ मध्ये नांदेडला आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याला जोडला गेला. जिवती तालुक्याच्या सीमेवरील काही गावांवर आजही महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात. त्यामुळे निगेटिव्हच्या पाकिटावर रोलचा क्रमांक आणि तारीख यांसोबत गावाचे नाव तेथील रहिवासी ज्या रूपात उच्चारतात त्याच रूपात, गुड्याच्या नावासह, आणि जिल्हा व राज्य वेगळ्या ओळीत लिहिणे योग्य ठरते, म्हणजे पुढे सीमा बदलली तरी चित्रातील माणसांच्या नातवंडांना ते पाकीट सापडू शकेल.