हाडाला कळणारा भार

हिंगोली जिल्ह्यात ८ मार्च २०२५ रोजी कर्करोग शोधण्यासाठीचं संजीवनी अभियान सुरू झालं, ते ऐन हळदीच्या हंगामात. या अभियानात २,९२,९९६ महिलांकडून प्रश्नावली भरून घेतली गेली. त्यांतल्या १४,५४२ जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणं आढळली. प्रत्यक्ष निदान मात्र मोजकंच निघालं: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे तीन, स्तनाच्या कर्करोगाचा एक आणि तोंडाच्या कर्करोगाचे आठ रुग्ण. आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात ही आकडेवारी दिली.

लक्षण आणि निदान यांतलं हे अंतर दिलासा देणारं आहे. पण जिल्ह्यातल्या वसमत-कळमनुरीच्या पट्ट्यात एक दुखणं सहसा कुणी लक्षण म्हणून धरतच नाही, ते म्हणजे कंबरदुखी. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पोती हलवायची, कंबर धरणारच! हाडात उतरलेला कर्करोग नेमका याच दुखण्याआड लपतो. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के रुग्णांच्या हाडांत तो पोहोचलेला असतो.

हाडातच का? लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून उत्तर दिलं: बी कुठंही पडो, मानवेल त्या जमिनीतच उगवतं. १९४० मध्ये ऑस्कर बॅटसन यांनी या प्रवासातला दाबाचा भाग उलगडला. मणक्याभोवतीच्या शिरांना झडपा नसतात. खोकताना, कुंथताना किंवा जड वजन उचलताना पोटातला दाब वाढला, की रक्त या शिरांकडे वळतं आणि त्यासोबत कर्करोगाच्या पेशीही मणक्यापर्यंत जाऊ शकतात.

हाडही निर्जीव खांब नव्हे. भारानुसार ते आपली घडण बदलतं, हे ज्युलियस वुल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. हाडाच्या आत अस्थिपेशी बारीक नलिकांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. आपण पाऊल टाकलं की हाड किंचित दबतं, नलिकांतला द्रव हलतो आणि त्या हालचालीवरून पेशींना भार कळतो. मग त्या स्क्लेरोस्टिन हे हाडाच्या बांधणीला आवर घालणारं प्रथिन कमी करतात आणि हाड भरू लागतं. कर्करोग ही व्यवस्था बिघडवतो. त्याच्या पेशी हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात. झिजलेल्या हाडातून सुटणारी वाढद्रव्यं पुन्हा कर्करोगालाच पोसतात.

मग भार देऊन हे चक्र रोखता येईल का? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या नडगीत मानवी स्तनकर्करोगाच्या पेशी सोडल्या आणि त्या नडगीला ठरावीक लयीत दाब दिला. भार मिळालेल्या हाडात गाठी कमी झाल्या, झीजही घटली. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या गटाने दुसरी बाजू दाखवली. हाडात वाढणारी प्रोस्टेटची गाठ आतून दाब वाढवते, आणि त्या दाबाखालच्या अस्थिपेशी अशी द्रव्यं सोडतात की गाठ आणखी फोफावते. म्हणजे दाब कोणता, यावर सगळं अवलंबून आहे. चढता-उतरता भार हाडाला बळ देतो. कोंडलेला दाब रोगाला.

उंदरांवरच्या निष्कर्षावरून ‘काम करत राहा, हाड मजबूत होईल’ असा सल्ला रुग्णाला देणं मात्र घातक ठरेल. पोखरलेलं हाड साध्या वळण्यानेही मोडतं. म्हणून मिरेल्स यांनी १९८९ मध्ये मांडलेली गुणपद्धत डॉक्टर वापरतात: जागा, वेदना, गाठीचा प्रकार आणि आकार यांना मिळून १२ पैकी गुण द्यायचे; ९ किंवा अधिक झाले तर हात-पायाच्या हाडात मोडण्याआधीच सळई बसवण्याचा विचार होतो. वेदनेसाठी अनेक रुग्णांना ८ ग्रे मात्रेचा एकच किरणोपचार पुरतो. हिंगोलीहून उपचारासाठी मोठं शहर गाठणाऱ्या कुटुंबाच्या कितीतरी खेपा त्यामुळे वाचू शकतात.

कष्टाने हाडाचा कर्करोग होत नाही, आणि बहुतेक कंबरदुखी कामाचीच असते. पण आडवं पडूनही न थांबणारं, रात्री झोपमोड करणारं दुखणं वेगळं. त्यात पायातलं बळ गेलं किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायला हवं. मज्जारज्जू दबला असेल, तर उशिराची किंमत कायमचं अपंगत्व असते. गावातल्या दवाखान्यात कंबरेसाठी इंजेक्शन देण्याआधी एक प्रश्न विचारायला खर्च येत नाही: ‘बाई, तुमचं आधी कधी गाठीचं ऑपरेशन झालंय का?’