तुमचं ई-बुक किंडलवर फिकट दिसतंय का?

मसाल्याच्या रेसिपी असोत की शिवणकामाच्या नोट्स, ई-बुक तयार झालं की आपण ते मोबाईलवर बघून खूश होतो. गिऱ्हाईक तेच किंडलवर उघडतं आणि पिवळ्या पट्टीवरची पांढरी अक्षरं गायब! मग रिव्ह्यू कसा येणार, ते तुम्हीच सांगा.

ई-इंक स्क्रीन मोबाईलसारखी स्वतः उजळत नाही. तिच्यात बारीक कॅप्सूल असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण. विजेच्या इशाऱ्यावर जे कण वर येतात ते दिसतात, तेही पडणाऱ्या उजेडातच. त्यामुळे तिथला 'पांढरा' जवळपास वर्तमानपत्राच्या कागदासारखा, राखाडीकडे झुकलेला. शिवाय काळ्या-पांढऱ्या किंडलवर राखाडीच्या फक्त 16 छटा. लाल आणि हिरवा सारखेच दिसू शकतात. 'लाल म्हणजे तोटा, हिरवा म्हणजे नफा' असा तुमचा तक्ता निकामी झाला ना!

म्हणून मजकुराला रंग देऊच नका, बॅकग्राउंडलाही नाही. तक्त्यात सरळ 'तोटा' लिहा. पातळ, नाजूक फॉन्ट टाळा. कव्हर मात्र बिनधास्त रंगीत ठेवा, ते बरेच लोक मोबाईलवर बघतात. आणि तपासायला किंडल विकत घ्यायची गरज नाही: ॲमेझॉनचं 'किंडल प्रिव्ह्यूअर' फुकट मिळतं, त्यात ई-रीडर निवडून प्रत्येक पान बघा.