द्रवनत्राच्या कॅनची मान

कोल्हापूर जिल्ह्यात म्हैस माजावर आली की दूध संस्थेकडे निरोप जातो आणि कृत्रिम रेतन करणारे कर्मचारी मोटारसायकलवर अ‍ॅल्युमिनियमचा छोटा कॅन घेऊन गोठ्यापाशी येतात. झाकण उचलताच पांढरे धुके बाहेर पडते. हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पण त्या कॅनची मान कशाची असते, ठाऊक आहे?

कॅनमध्ये द्रवनत्र, म्हणजे द्रवरूप नायट्रोजन असतो. तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस! त्यात रेतमात्रा वर्षानुवर्षे टिकतात. कॅन म्हणजे एकात एक बसवलेली दोन भांडी. मधली जागा निर्वात. १८९२ साली जेम्स ड्यूअर यांनी केलेल्या थर्मासचेच हे तत्त्व. आतले भांडे मानेला टांगलेले असते. ही मान अ‍ॅल्युमिनियमची केली, तर तिच्यातून उष्णता भराभर आत शिरेल आणि द्रवनत्र उडून जाईल. म्हणून ती काचतंतू व एपॉक्सी रेझिन यांची, म्हणजेच फायबरग्लासची करतात. अ‍ॅल्युमिनियमपेक्षा त्याची उष्णतावाहकता शेकडो पटींनी कमी असते.

पण थंडीने प्लॅस्टिक ठिसूळ होते ना? रबरी नळी द्रवनत्रात बुडवून आपटली, तर तिचे तुकडे होतात. मग भार पेलणारी ही मान कशी टिकते? गंमत अशी, की या थंडीत फायबरग्लासची ताण सहन करण्याची शक्ती उलट वाढते, साधारण दीडपट होते. खरा भार पेलतात काचतंतू. काचेच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म चिरा असतात. एरवी हवेतील बाष्प चिरेच्या टोकाशी सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे बंध तोडते आणि चीर वाढत जाते. कडाक्याच्या थंडीत ही क्रिया जवळजवळ थांबते. रेझिनही ताठर होऊन तंतूंना घट्ट धरते.

धोका आहे तो आकसण्याचा. इतके थंड होताना एक मीटर एपॉक्सी सुमारे एक सेंटीमीटर आकसते, काच मात्र जेमतेम एक मिलिमीटर. या ओढाताणीत रेझिनला बारीक तडे जाऊ शकतात. अशा तड्यांतून, किंवा आपटल्याने सैल झालेल्या सांध्यातून, हवा निर्वात जागेत शिरते. मग कॅनवर बाहेरून हिम साचते, द्रवनत्र झपाट्याने उडते आणि रेतमात्रा निकामी होतात. त्यामुळे माज वाया गेला, तर पुढच्या माजासाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागते. तितके म्हशीचे वेतही लांबते आणि घरचे दूधही!

म्हणून असा कॅन कधी आडवा करू नका, ओढू नका, आपटू नका. द्रवनत्राला हात तर मुळीच लावू नका. आणि कॅनवर बाहेरून हिम दिसले, तर कर्मचाऱ्यांना लगेच सांगा.