बत्तीस रुपयांचा मतदार

चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचू लागल्या, की गुलालाखाली सारे भाविक एका रंगाचे होतात. परंतु 1921 च्या यात्रेत जमलेल्या गर्दीचे कायद्याने दोन भाग पडले होते. डोंगर कोल्हापूर संस्थानात; मानाची काठी आणणारे पाडळीकर मात्र सातारा जिल्ह्यातील, म्हणजे खालसा मुलखातले. नोव्हेंबर 1920 मध्ये मुंबई कायदेकौन्सिलची जी निवडणूक झाली, तिचा दरवाजा केवळ खालसातील प्रजेसाठी, आणि तोही जेमतेम किलकिला झाला होता.

1919 च्या कायद्यानुसार खेड्यातील मतदार ठरे तो प्रामुख्याने शेतसाऱ्यावरून. बहुतेक जिल्ह्यांत सारा 32 रुपये हवा, रत्नागिरीत 16. निकष वरवर समान खरा. पण सारा जमिनीच्या कसावर बसतो. कृष्णाकाठचे थोडके काळे रान धन्याला मतदार करी; माण-खटावच्या मुरमाड माळावर त्याच हक्कासाठी कितीतरी अधिक जमीन लागे. दुष्काळ भोगणाऱ्यालाच मत महाग! निवृत्त सैनिकांना सवलत होती. भूमिहीन मजुराला नव्हती. स्त्रियांवरील बंदी कौन्सिलने 1921 मध्ये उठविली, पण साऱ्याची अट त्यांच्याही वाट्याला आलीच. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतही त्या काळी मतासाठी डोईपट्टी भरावी लागे, हे येथे आठवावे.

काँग्रेसने या निवडणुकीवर बहिष्कार घातला. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी मात्र ती लढविली. ‘मराठे व तत्सम जाती’ यांना सात जागा राखीव होत्या. मतदारसंघ सर्वांचा एकच; निवडून येणाऱ्यांत मराठा नसेल, तर मराठा उमेदवारांत सर्वाधिक मते मिळविणारा विजयी ठरे. बहुसंख्य समाजाला राखीव जागा कशाला, हा आक्षेप तेव्हा हिरीरीने घेतला गेला. तो फोल होता. शिरगणतीतील बळ साऱ्याच्या चाळणीतून मतदारयादीत तसेच उतरत नाही. आणि सावकाराचा कर्जदार मतपेटीपाशी कितपत मोकळा असतो?

या चळवळीमागे शाहू छत्रपतींचे बळ होते. त्यांच्या दरबारातील भास्करराव जाधव पुढे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. मात्र महाराजांच्या स्वतःच्या प्रजेला, जोतिबाच्या गुरवापासून पायथ्याच्या कुणब्यापर्यंत, त्या कौन्सिलसाठी मत नव्हते. 1 मार्च 1949 रोजी संस्थान विलीन झाले. पुढे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत वाडी रत्नागिरीचा माणूस मतदानाला गेला, तेव्हा साऱ्याची पावती कोणी मागितली नाही.